मागच्या चाकांची चौकशी

सोमवार, ९ मार्च

आज सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनी बावन्न आसनांची बस माझ्या केबिनमध्ये आली. दार न ठोठावता!

भिंत गेली. टेबल गेलं. खुर्चीची पाठ एकीकडे, बूड दुसरीकडे. लोखंडी कपाट मात्र तसूभर हललं नाही. त्यात अकरा वर्षांचे कागद आहेत, त्याला बस काय हलवणार! मी खुर्चीत नव्हते. त्या क्षणी आवारात उभी राहून चालकाला झापत होते, म्हणून ही रोजनिशी लिहिते आहे.

झालं असं. या चालकाला सगळे 'रेडिओ' म्हणतात, कारण तो बंद होत नाही. गाडी धुण्याच्या चौथऱ्यावर लावून तो खाली उतरला होता. एकदम माझ्या खिडकीकडे बघून ओरडला, "ए म्हातारे! दम असेल तर बाहेर ये!"

अकरा वर्षं 'मॅडम, मॅडम' करणारा माणूस. एकेरीत! शनिवारी त्याची रजा नाकारली, त्याचा राग — दुसरं काय? मी चष्मा ठेवला आणि तरातरा बाहेर गेले. बघत होते त्याच्याकडे, बसकडे नाही. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा!" एवढं म्हणेपर्यंत मागे धडाड्!

चौथरा वर, माझी केबिन उतारावर. हँडब्रेक लावला नसणार. उघड आहे.

घरी हे म्हणाले, "चला, शेवटी कुणीतरी तुझ्या टेबलापर्यंत पोहोचलं म्हणायचं."

मंगळवार, १० मार्च

तिकीट खिडकीमागे तात्पुरतं टेबल. एक पाय आखूड. खाली पुठ्ठा.

मालक म्हणाले, "चौकशी तुम्हीच करा. गाड्या सोडणाऱ्या तुम्ही, आणि तुमच्याइतकं शिकलेलं इथे आहे कोण?" शिकलेलं म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वीची पदार्थविज्ञानाची पदवी. त्यानंतर विज्ञानाशी संबंध फ्यूज बदलण्यापुरता. टेबल माझंच मोडलं, तर न्यायाधीश मी कशी, हे त्यांना सुचलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही.

वीस तारखेपर्यंत अहवाल हवा. रेडिओवर दोन आरोप. एक, हँडब्रेक न लावता गाडी सोडली. दोन, वरिष्ठांशी अभद्र भाषा. पहिला सिद्ध झाला की नोकरी तर जाईलच, लायसन्सही जाईल. वय बावन्न. दुसरं काही येत नाही त्याला.

मिस्त्रीनं काल दुपारीच गाडीखाली जाऊन ब्रेक तपासले. "ठणठणीत आहेत, मॅडम." म्हणजे दोन पानांत संपेल.

बुधवार, ११ मार्च

मसुदा केला. मला आवडला. "चालकाने हँडब्रेकला पुरेशी हवा न दिल्यामुळे वाहन उताराकडे सरकले."

तांत्रिक शब्द बरोबर आहेत ना, म्हणून मिस्त्रीला वाचून दाखवला. तो एवढा हसला की चष्मा ग्रीसच्या डब्यात पडला.

"मॅडम, हँडब्रेक हवेनं लागत नाही."

"मग?"

"हवेनं सुटतो!"

मसुदा फाडला. जे समजत नाही त्यावर मी सही करत नाही. उद्या सकाळी कार्यशाळेत शिकवणी.

गुरुवार, १२ मार्च

शिकवणी झाली. मिस्त्री एकोणतीस वर्षं या कामात आहे. आमच्या कॉलेजात असा एक प्राध्यापक असता तर मी प्रथम वर्गात आले असते.

इंजिनाजवळ एक पंप. तो हवा दाबून टाक्यांत भरतो. पुढच्या चाकांची टाकी वेगळी, मागच्यांची वेगळी — एकीकडची हवा गेली तरी दुसरीकडचे ब्रेक शाबूत. पायाखालचं पेडल म्हणजे नुसता नळ! माझा इतकी वर्षं समज, की चालक पायाच्या जोरानं गाडी थांबवतो. पाय फक्त हवेला वाट देतो. ती चाकाजवळच्या गोल डब्यात शिरते, आतला पडदा ढकलते, पडदा दांडा ढकलतो, आणि शेवटी ब्रेकचे लायनर चाकाच्या आतल्या ड्रमवर घासतात. पाय उचलला की वापरलेली हवा बाहेर — फुस्स. बस उभी राहताना सुस्कारा सोडते तो हाच.

मग हँडब्रेक. मागच्या चाकांच्या डब्यांना पाठीशी आणखी एकेक डबा जोडलेला. त्यात स्प्रिंग.

"हिच्या नादी लागू नये," मिस्त्री म्हणाला. "डबा उघडला तर माणूस मारील. हिला कायम ब्रेक लावायचाच असतो. जातच तशी."

"मग गाडी चालते कशी?"

"हवा तिला दाबून धरते. हँडब्रेक ओढला की चालक ती हवा सोडून देतो. स्प्रिंग मोकळी. चाक आवळलं."

म्हणजे पाइप फुटला, हवा गळाली, तर गाडी सुसाट सुटत नाही. हवा पुरेशी उतरली की स्प्रिंग चाकं धरते आणि गाडी आहे तिथे अडून बसते. ज्यानं हे बनवलं त्यानं 'सगळं बिघडणारच' असं धरून बनवलं. मला तो माणूस आवडला. मीही आवार याच तत्त्वावर चालवते.

एक गोष्ट मात्र खटकली. टाक्यांत हवेबरोबर पाणी साचतं, ते रोज सकाळी काढायचं. आमच्या तपासणी पत्रकात त्याला रकाना आहे — पत्रक माझंच. मिस्त्रीनं सहज एका बसच्या टाकीखालचा कॉक उघडला, तर अर्धा लिटर तेलकट पाणी. आजच्या पत्रकावर 'पाणी काढले' समोर बरोबरची खूण. खाली माझी सही.

रोज चाळीस पत्रकं असतात.

शुक्रवार, १३ मार्च

मालकांचा फोन. "झालं का?" म्हटलं, "टाकी भरतेय."

शनिवार, १४ मार्च

रेडिओचा जबाब घेतला. आजवर या माणसाला गप्प करायला मला नियम क्रमांक चौदा दाखवावा लागायचा. आज तोंडातून शब्द काढायला पक्कड लागली असती.

"हँडब्रेक ओढला होता?"

"नसेल."

"नसेल म्हणजे? आठवत नाही?"

"लिहा ना, मॅडम, नाही ओढला."

"काय लिहायचं ते मी ठरवीन. आवाज आला होता? फुस्स?"

त्यानं एकदम वर बघितलं. मग पुन्हा खाली. "आला असेल."

आवाज आला तर ब्रेक ओढलाच! हवा सुटल्याशिवाय आवाज होत नाही, गुरुवारीच शिकले. चौथऱ्यावर पाणी मारणाऱ्या बाईला बोलावलं. ती म्हणाली, "आला की आवाज. मोठ्ठा. माझ्या अंगावर धूळ उडाली. गाडी उभी राहिली होती चांगली. मागचं चाक नालीच्या जाळीच्या खाचेत टेकलेलं. मी सामानाचं दार आपटलं आणि निघाली की हो ती!"

म्हणजे हवा सुटली. स्प्रिंगही मोकळी झाली असणार. तरी चाक आवळलं नाही. आणि जो माणूस निर्दोष आहे तो म्हणतोय, दोषी लिहा.

रविवार, १५ मार्च

दिवसभर बस बनवणाऱ्या कंपनीचं जाडं पुस्तक. यांनी वर्तमानपत्राच्या कडेला स्प्रिंगचं चित्र काढून दिलं. चित्रकलेचे मास्तर, निवृत्त झाले तरी हात शिवशिवतो. शिवाय शेरा: "हवा गेली की ही गाडी गप्प उभी राहते. आपल्या घरात उलट आहे."

पान दोनशे अकरा. हवा नसताना गाडी ढकलायची वेळ आली तर काय करायचं? स्प्रिंगच्या डब्याला मागे भोक असतं. त्यातून एक लांब बोल्ट आत घालायचा, नट आवळत जायचं. स्प्रिंग दाबली जाते, चाक सुटतं. काम झालं की बोल्ट काढून बाजूच्या खोबणीत परत ठेवायचा. खाली ठळक अक्षरांत — बोल्ट आत असेपर्यंत त्या चाकाला हँडब्रेक नाही.

ओढला तरी नाही. फुस्स आवाज मात्र होणार!

मिस्त्रीनं सगळं शिकवलं. हे पान सोडून.

सोमवार, १६ मार्च

यांची जुनी पँट घालून तपासणीच्या खड्ड्यात उतरले. वर चालक जमले. कुणीतरी म्हणालं, "मॅडम नापास झाल्या वाटतं, खालच्या वर्गात बसवलंय." मी आवाज ओळखला. त्याचं नंतर बघू.

आधी दुसऱ्या तीन बसचे बोल्ट पाहिले. खोबणीत बसलेले, वर चिखल वाळून दगड झालेला. दहा वर्षांत कुणी हात लावलेला नाही. मग माझ्या केबिनमध्ये आलेली बस. दोन्ही बोल्ट स्वच्छ. आटे चकचकीत. एका डब्याच्या मागचं रबरी बूच जागेवर नाहीच.

खड्ड्यातून वर यायला दोघांचा हात घ्यावा लागला. गुडघे आणि सत्य, दोन्ही एकाच वेळी दुखले.

मंगळवार, १७ मार्च

मिस्त्रीला कार्यशाळेच्या मागे गाठलं.

"ते दोन बोल्ट कधी वापरलेत?"

"कुठले बोल्ट?"

"जे शिकवायचे राहिले."

हातातला पाना खाली पडला. त्यानं उचलला नाही. मग खालीच बसला, टायरवर.

आठ तारखेला, रविवारी संध्याकाळी, ती बस फाटकातच अडली होती. मागचा पाइप फुटून हवा गेली, स्प्रिंगनं चाकं धरली. मागे तीन गाड्या खोळंबलेल्या. मिस्त्रीनं बोल्ट घालून चाकं सोडवली, दुसऱ्या गाडीनं ओढून ती कार्यशाळेत आणली. पाइप बदलला, हवा भरली, पेडलचे ब्रेक पाहिले. बोल्ट राहिले आत! कार्यशाळेची जमीन सपाट, त्यामुळे कळलं नाही. सोमवारी सकाळी रेडिओनं पहिल्यांदा उतारावर लावली.

"धडक झाल्यावर सगळे तुमच्याभोवती जमले होते. मी खाली शिरून बोल्ट काढले. रेडिओ पलीकडून वाकून बघत होता. आमची नजरानजर झाली."

"आणि तो बोलला नाही?"

"कसा बोलेल? त्याच्या मुलीचं माझ्या मुलाशी ठरलंय. मे महिन्यात लग्न. व्याही होणार आम्ही."

मी म्हटलं, एकोणतीस वर्षं काम केलेला माणूस बोल्ट विसरतो कसा?

तो शांतपणे म्हणाला, "'पंधरा मिनिटांत फाटक मोकळं नाही झालं तर तुमच्या नावानं लाल चिठ्ठी' — तुमचा तिसरा फोन होता, मॅडम."

म्हणाले होते. लाल चिठ्ठी, म्हणजे लेखी ठपका, ही पद्धत माझीच. पत्रकात बोल्टला रकाना नाही, पत्रकही माझं. चाकांना ठोकळे लावले असते तरी गाडी थांबली असती. पण चालक त्या ठोकळ्यांवर बसून पत्ते कुटतात, म्हणून मी ते गेल्या वर्षीच कुलपात टाकले. लोखंडी कपाटात. बसनंसुद्धा न हललेल्या!

आणि सोमवारी साडेआठला त्या बसच्या पत्रकावर, 'ब्रेक तपासले' खाली, सही कुणाची हे मी त्याला विचारलं नाही. मला माहीत होतं.

बुधवार, १८ मार्च

संध्याकाळी रेडिओ माझ्या बसथांब्यावर उभा होता. मिस्त्रीनं सांगितलं असणार.

"मॅडम, माझ्यावरच राहू द्या."

"लायसन्स जाईल तुमचं."

"जाऊ दे. मिस्त्रीचं नाव आलं तर मालक त्याला त्याच दिवशी काढतील. मग माझी पोरगी त्या घरात कोणत्या तोंडानं जाईल? ती येता-जाता ऐकणार, तुझ्या बापानं आमचं अन्न घालवलं."

"आणि तुम्ही खाणार काय?"

"बघू की. रखवालदारी मिळेल कुठेतरी."

रखवालदारी! हा? रात्रभर बोलणार कुणाशी?

मग मी दुसऱ्या आरोपाकडे वळले. चौकशी अर्धी ठेवायची मला सवय नाही. "ते 'म्हातारे' कशाबद्दल होतं?"

तो चक्क लाजला. "गाडी सरकायला लागली होती, मॅडम. पाठीमागे धावून काय उपयोग? तुमची खुर्ची बरोबर तिच्या रस्त्यात."

"मग 'पळा' म्हणायचं!"

"'पळा' म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, का?"

माझी बस आली. मी ती सोडली. पुढचीही सोडली.

विचारलं असतं. नुसतं विचारलं नसतं, लेखी मागितलं असतं.

गुरुवार, १९ मार्च

आज काही लिहिण्यासारखं नाही. तीन मसुदे फाडले.

शुक्रवार, २० मार्च

अहवाल दिला.

खोटं एक अक्षर नाही. हँडब्रेक ओढला होता, साक्षीदार आहे, चालक निर्दोष. स्प्रिंग दाबणारे बोल्ट आत राहिले होते. ते काढल्याची नोंद करायला पत्रकात जागा नाही, पत्रक मी तयार केलेलं. ठोकळे कुलपात, किल्ली माझ्याकडे. काम पंधरा मिनिटांत उरकण्याची तंबी माझी. 'ब्रेक तपासले' या शब्दांखाली न बघता सही माझी. पत्रकाच्या तळाशी मीच छापून घेतलंय — सही करणाऱ्याने जबाबदारी घेतली असे समजले जाईल. तसं समजावं.

बोल्ट घातले कुणी, हे मला विचारलेलं नाही. 'कार्यशाळेत' एवढंच लिहिलं. नेहमी मी नाव, वेळ, तारीख लिहिते. मालकांना हा फरक कळणार नाही, मला कळतो.

दुसरा आरोप ठेवला. लेखी समज द्यावी, असं सुचवलं. जीव वाचवला म्हणून एकेरी चालत नाही.

यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, "दोनच वर्षं राहिलीत तुझी. तोंड मिटून बसली असतीस तर?" मग स्वतःच, "नाही, ते तुला जमत नाही." चहा यांनी केला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

सोमवार, २३ मार्च

मालक म्हणाले, "असं कुणी स्वतःबद्दल लिहितं का? फाडा हे." म्हटलं, एक प्रत विमावाल्यांकडे गेली. मालकांचा चेहरा त्या तात्पुरत्या टेबलासारखा झाला — एक पाय आखूड.

निकाल: रेडिओ उद्यापासून कामावर. समजपत्र घेतलं, सही केली, हसला. मिस्त्रीला कुणी काही विचारलं नाही. माझ्या जागी मालकांचा भाचा. त्याला पेडल आणि पायदान यातला फरक उद्या कळेल. मी 'हरवलेले सामान' या खिडकीवर. पगार तोच, अधिकार छत्र्यांवर.

जाताना मिस्त्री दाराशी उभा. म्हणाला, "लग्नाला यायचं हं, मॅडम. पहिली पत्रिका तुम्हाला."

मी म्हटलं, "वेळ अचूक छापा." बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. निदान एक गोष्ट मार्गी लागली.

बुधवार, २५ मार्च

खिडकीशी एक मुलगी आली. विचारलं, काय हरवलं? म्हणाली, काही नाही, मी रेडिओंची मुलगी.

लग्न मोडलं. काल रात्री तिनंच मोडलं. मुलगा तिला पहिल्यापासून पसंत नव्हता. दोन बापांनी कार्यशाळेत बसून ठरवलेलं.

"बस भिंतीत शिरली, बाबा गप्प झाले, तेव्हा वाटलं, आता बाबांचं आणि मिस्त्रींचं फिसकटणार. म्हटलं, मी तोंड न उघडता सुटले. मी देव पाण्यात घालून बसले होते, मॅडम. तुम्ही मध्येच कुठून आलात?"

नऊ जणांचे जबाब घेतले मी. हिला विचारायचं सुचलं नाही — ना तिच्या बापाला, ना मिस्त्रीला, ना मला.